अथेन्सच्या नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियमला प्रायव्हेट गाईड घ्यावा का? आई-वडील सोबत आहेत, त्यांना इंग्रजी जेमतेम समजतं. ऑडिओ गाईडवर भागेल का?

घ्या. बाकी कुठे नाही घेतला तरी चालेल पण इथे घ्या. फक्त "सगळं म्युझियम दाखवा" असं सांगू नका, अकरा हजारांच्या वर वस्तू मांडल्यात तिथे, दोन तास ठरवा आणि दहाबारा वस्तूंवर थांबा. हे मी आमच्या अनुभवावरून सांगतोय कारण आमची केस जवळपास तुमच्यासारखीच होती.

मी जर्मनीत असतो, आईबाबा कोल्हापूरहून आले होते, शेंगेन व्हिसा हातात होताच म्हणून चार दिवस अथेन्स करून टाकलं. बाबांची तीसेक वर्षं शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत गेली, आधी मोल्डिंगला आणि नंतर मशिन शॉपला. आईचं म्हणणं निघतानाच होतं की दगडं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, दगडं काय आपल्याकडे कमी आहेत. पहिल्या दिवशी अ‍ॅक्रॉपोलिसला, म्हणजे जुन्या देवळांच्या टेकडीवर, स्वस्त पडते म्हणून एक ग्रुप टूर घेतली, सगळ्यांच्या कानात हेडफोन, आणि मी एक वाक्य मराठीत सांगून होईपर्यंत गाईड दोन खांब पुढे गेलेली असायची. अर्ध्या तासाने बाबांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले तू ऐक, मी बसतो तिथं सावलीत. त्या रात्री मी म्युझियमसाठी प्रायव्हेट गाईड शोधायला घेतला. मेलमध्ये सरळ लिहिलं की दोन ज्येष्ठ माणसं आहेत, प्रत्येक वाक्य भाषांतर करावं लागेल, वडील फौंड्रीत होते, आई शाळेत कधी इतिहासाच्या वाटेला गेली नाही. हे लिहिणं सगळ्यात कामाला आलं, तुम्हीही लिहा.

गाईडबाई पन्नाशीच्या, गळ्यात लायसन्सचं कार्ड. (ग्रीसमध्ये लायसन्स असल्याशिवाय म्युझियममध्ये गाईडगिरी करता येत नाही, तेवढं कार्ड बघून घ्या.) दारातच म्हणाल्या की मी आज तुम्हाला तारखा कमी सांगणार आणि एकच प्रश्न परत परत विचारणार, याच्या हातात काय होतं? मला वाटलं काहीतरी टुरिस्टी खेळ असेल. पण खरंच दोन तास त्या एका प्रश्नावर निघाले.

सुरुवात सोन्याने झाली, समोरच मायसिनी या प्राचीन ग्रीक शहराचं दालन आहे. आगामेम्नॉनचा (ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक राजा) म्हणतात तो मुखवटा श्लीमन या जर्मन उत्खननकाराला १८७६ मध्ये सापडला, आणि तो ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ धरतात त्याच्या साधारण तीनशे वर्षं आधीचा आहे, म्हणजे आगामेम्नॉनचा नव्हेच. आई म्हणाली मग पाटी का बदलत नाहीत. गाईडबाई हसल्या, म्हणाल्या नाव चिकटलं की चिकटलं. आईने मात्र काचेला नाक लावून बघितलं आणि सांगितलं की हा पत्रा आहे, मागून ठोकून उठवलाय, आपल्या गौरीचे मुखवटे करतात तसा. मी भाषांतर केलं तर बाई म्हणाल्या बरोब्बर, तसंच केलंय. तिथून पुढे आई दगडांबद्दल एक शब्द बोलली नाही.

मग एक थडग्यावरचा दगड, हेगेसो नावाच्या बाईचा, इ.स.पू. ४१० च्या आसपासचा, केरामाइकोस स्मशानातला. ती खुर्चीत बसलीय, समोर दासी डबी घेऊन उभी, आणि हेगेसोने दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी धरलंय पण चिमटीत काहीच नाही. बाईंनी विचारलं, हातात काय होतं? आई लगेच म्हणाली माळ असणार, डबी दागिन्यांची आहे ना. दागिना होता, पण तो कोरलेला नव्हता, रंगवलेला होता, आणि रंग उडून गेला. हे सगळे पांढरेशुभ्र पुतळे मुळात रंगीत होते हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण "वाचलं होतं" आणि रिकामी चिमूट बघणं यात फरक आहे. आई बराच वेळ तिथे उभी. मेलेल्या बाईला दागिने बघताना का दाखवलंय असं तिने विचारलं, बाई म्हणाल्या की अथेन्सवाले थडग्यावर मरण फारसं दाखवत नाहीत, घरातलं रोजचं दाखवतात. ऑडिओ गाईडला हा प्रश्न कुणी आणि कसा विचारणार, सांगा.

आता मुख्य गोष्ट. युबिया बेटाच्या उत्तर टोकाला आर्टेमिसिऑन म्हणून जागा आहे, तिथे समुद्रात १९२६ मध्ये आधी एक हात मिळाला आणि १९२८ मध्ये बाकीचा देव वर आला, ब्राँझचा, उंची २.०९ मीटर, इ.स.पू. ४६० च्या आसपासचा. दोन्ही हात पसरलेले, उजवा मागे घेतलेला, आता फेकणार अशा बेतात. हातात काय होतं? वीज असेल तर देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर समुद्राचा देव पोसायडन, आणि पाटीवर अजून "झ्यूस किंवा पोसायडन" असंच आहे. गाईडबाईंनी बाबांना बाजूला उभं केलं आणि म्हणाल्या, समजा लांब त्रिशूळ धरलाय, आता कुठून कुठे जाईल बघा. बाबांनी हवेत बोटाने रेघ ओढली. "तोंडावरनं जातोय की," म्हणाले, "एवढं चांगलं तोंड केल्यावर कोण झाकंल व्हय?" बहुतेक अभ्यासक झ्यूसच्या बाजूने झुकतात त्याचं हे एक मोठं कारण. मी हे इंग्रजीत सांगितल्यावर बाईंनी बाबांशी हात मिळवला.

त्यानंतर पंधरा मिनिटं मी नुसता मधला दुभाष्या. मेणाचा साचा, आत पोकळ, तुकडे वेगळे ओतून जोडलेले, ओतकामात भोक राहिलं की तेवढा चौकोन कापून नवा पत्रा बसवायचा. बाबा म्हणे म्हणजे ब्लोहोल तेव्हापण यायचे! मग बाईंनी विचारलं की ग्रीकांनी ब्राँझचे इतके पुतळे केले तर आज उरलेत मोजके, आणि त्यातलेही बरेचसे समुद्रातून का मिळाले? मी भाषांतर करायच्या आत बाबा म्हणाले, "भंगार." काहीतरी शब्द कळला असेल, किंवा बाईंचा चेहरा बघून कळलं असेल. जमिनीवर होते ते बहुतेक कधी ना कधी भट्टीत गेले, शस्त्रांसाठी, नाण्यांसाठी, जे जहाजाबरोबर बुडाले ते वाचले. फौंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, रिजेक्ट झालेला जॉब कुठे जातो ते त्यांनी रोज बघितलंय.

इथे एक विषयांतर. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे, १९४० च्या दशकात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर उकरताना मिळालेली, रोमन व्यापाराच्या काळात आलेली. मी शाळेच्या सहलीत दोनदा बघितली असेल पण तेव्हा डोक्यात काही शिरलं नव्हतं. गाईडबाईंना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी (ग्रीकांना तेव्हा यवन म्हणत) दान दिल्याचे लेख आहेत तेही सांगितलं, उगाच थोडी कॉलर ताठ केली. बाबांनी परत गेल्यावर टाऊन हॉलला जाऊन मला फोन केला, "ह्याच्या पण हातातलं गेलंय रे."

आर्टेमिसिऑनच्याच जहाजातला घोडा आणि त्यावरचा पोरगा बघायला विसरू नका, पोराच्या एका हातातला लगाम गेलाय आणि दुसऱ्यातला चाबूक. आणि अँटिकिथेराचा तरुण, म्हणजे त्या बेटाजवळ बुडालेल्या जहाजातला ब्राँझचा पुतळा, त्याने हातात काहीतरी गोल धरलं होतं, कुणी म्हणतं सफरचंद म्हणजे तो ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, कुणी म्हणतं मेड्यूसा राक्षसिणीचं मुंडकं म्हणजे तिला मारणारा पर्सियस. यावर आईबाबांचं भांडण झालं, अजून मिटलेलं नाही.

शेवटी अँटिकिथेराचं यंत्र. त्या तरुणाच्याच जहाजातलं, स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना १९०० मध्ये सापडलेलं जहाज. दिसायला गंजलेल्या ब्राँझचे गोळे, तुम्ही एकटे गेलात तर तीस सेकंदांत पुढे जाल. एकूण ८२ तुकडे, एक्स-रे काढून आत ३० चाकं मोजलीत, बाजूचं हँडल फिरवलं की सूर्य-चंद्राचे काटे फिरायचे आणि ग्रहण कधी ते कळायचं. ते हँडलही गेलंय, म्हणजे इथेसुद्धा हातातलंच हरवलंय. एका चाकाला २२३ दाते होते कारण ग्रहणं २२३ चांद्रमासांनी, म्हणजे अठरा वर्षं आणि अकराएक दिवसांनी, त्याच क्रमाने परत येतात. बाबांनी आकडा मला दोनदा विचारला. २२३ ला कशानेच भाग जात नाही, त्यांनी सांगितलं, आमच्या मिलिंगला डिव्हायडिंग हेडवर साध्या इंडेक्सिंगने हे दाते पडत नाहीत, जास्तीचे गिअर लावून डिफरन्शियल करावं लागतं, आणि ह्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी कानशीने पाडले? मला यातलं अर्धं कळलं नाही, इंग्रजीत काय सांगणार. गाईडबाईंनी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं.

आता कामाचं. प्रायव्हेट गाईडचा दर बहुतेक वेळा ग्रुपचा असतो, माणशी नसतो, त्यामुळे तिघंचौघं असाल तर परवडतं. म्युझियमचं तिकीट सहसा वेगळं, बुक करताना विचारून घ्या. "स्किप द लाईन"चे जादा पैसे इथे देऊ नका, अ‍ॅक्रॉपोलिससारखी रांग आम्हाला दिसली नाही. आणि अ‍ॅक्रॉपोलिस म्युझियम वेगळं, २००९ मध्ये उघडलेलं, टेकडीच्या पायथ्याशी. हे पॅटिसियन रस्त्यावर आहे, मेट्रोचं व्हिक्टोरिया स्टेशन जवळ. बरेच लोक गाईडला एकीकडे बोलावून स्वतः दुसरीकडे उभे राहतात. मंगळवारी दुपारनंतर उघडतं, सकाळचं बुकिंग घेऊ नका. फोटो चालतात, फ्लॅश नाही, आणि पुतळ्याची नक्कल करत पोझ देऊन फोटो काढायचा नाही, बाबांनी झ्यूससारखे हात पसरले तर गार्डबाई दालनाच्या दुसऱ्या टोकावरून आल्या.

गाईड गेल्यावर लगेच बाहेर पडू नका. तळघरात बागेला लागून कॅफे आहे, तिथे कॉफी घ्या आणि परत वर जा, वरच्या मजल्यावर थेरा बेटाची भित्तिचित्रं आहेत, सकाळीच विचारून ठेवा दालन उघडं आहे का. तिथे आम्हाला कुणी काही सांगायला नव्हतं. दोन पोरं बॉक्सिंग खेळतायत असं एक चित्र आहे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, प्रत्येकाच्या एकाच हातात ग्लोव्ह. आई म्हणाली, एकच जोडी असेल घरात, एक त्याला एक ह्याला. मी जवळ जाऊन बघितलं, दोघांच्याही उजव्याच हातात होता.