भाषणाने मत फिरतं का? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की ब्रिटिश खासदार एकमेकांची भाषणं वर्षानुवर्षं विसरत नाहीत, म्हातारपणी आठवणी लिहितात तेव्हासुद्धा कोण कधी काय बोललं ते आवर्जून लिहितात. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली ही काही.

सर, भाषण ऐकून खरंच कुणाचं मत फिरतं का हो? पार्टीचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, निघाला की विषय संपला, मग तासन्‌तास बोलायचं कशाला? (नागपूर)

रोज फिरत नाही. बहुतेक वेळा कोण कुठे व्होट करणार हे सकाळीच ठरलेलं असतं. पण मे 1940 चं उदाहरण बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची नॉर्वेची मोहीम फसली होती आणि त्यावर 7 आणि 8 मेला कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, डिबेट झालं. लिओ ॲमरी हे पंतप्रधान चेंबरलेनच्याच पार्टीचे, दोघेही बर्मिंगहॅमचे खासदार, जुना दोस्ताना. त्यांना बोलायची संधी मिळाली ती रात्री आठनंतर, म्हणजे लोक जेवायला गेलेले, सभागृह अर्धं रिकामं (रिकामी बाकं तिथेही असतात). क्लेमेंट डेव्हिस नावाच्या खासदाराने बाहेर जाऊन लॉबीतून, स्मोकिंग रूममधून माणसं गोळा करून आणली आणि बाकं भरत गेली. ॲमरींनी क्रॉमवेल या सतराव्या शतकातल्या नेत्याचे, संसदेला घालवून देतानाचे, तीनशे वर्षांपूर्वीचे शब्द टिपून आणले होते पण ते वापरायचे की नाही हे ठरलेलं नव्हतं, सभागृह आपल्या बरोबर येतंय असं जाणवलं तेव्हाच त्यांनी ते वापरले, आणि मित्राच्या तोंडावर म्हणाले की इथे बसून तुमच्या हातून काही भलं होण्याचे दिवस कधीच सरले, निघा आता, देवाचं नाव घेऊन सांगतो, चालते व्हा!

दुसऱ्या दिवशी मतदान झालं 281 विरुद्ध 200. म्हणजे सरकार जिंकलंच की. पण एरवी दोनशेच्या वर असणारं मताधिक्य 81 वर आलं, कारण त्यांच्याच बाजूचे चाळीसेक जण विरोधात गेले आणि कितीतरी मतदानालाच आले नाहीत. 10 मेला चेंबरलेन गेले आणि चर्चिल आले. हे सगळं एकट्या ॲमरींमुळे झालं असं मी म्हणणार नाही, लोकांच्या मनात राग साचलेला होताच, पण त्याला तोंड फुटलं ते त्या भाषणाने. आणि हेच ॲमरी पुढे भारतमंत्री झाले, 1942 च्या ‘चले जाव’ च्या वेळी त्या खुर्चीवर तेच होते, तेव्हा आपल्याला स्वातंत्र्य देताना मात्र हा बाणेदारपणा कुठे दिसला नाही, ही सल मला हा प्रसंग वाचताना प्रत्येक वेळी जाणवते.

आता व्हिपबद्दल. तिथे पार्टीविरुद्ध मत दिलं तर पार्टी तुम्हाला बाहेर काढू शकते, पण खासदारकी जात नाही. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याच्या, भांडणात कंझर्व्हेटिव्ह पार्टीने एकाच फटक्यात 21 जणांना बाहेर काढलं, त्यात चर्चिलचा नातू निकोलस सोम्सही होता, पण सगळे सभागृहात बसत होते, बोलत होते, मत देत होते. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडला तर सीटच जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा म्हणून तो कायदा आला हे मला मान्य आहे, पण त्यामुळे ऐकणाऱ्याचं मन वळलं तरी हात वळू शकत नाही आणि मग बोलणाऱ्यालाही समोरच्याला पटवायचं कारण उरत नाही, तो टीव्हीसाठी बोलतो. माझ्या मते आपली भाषणं कोरडी होण्यामागे हे मोठं कारण आहे आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

तिथल्या खासदारांना स्वतःला कुठलं भाषण सगळ्यात भारी वाटतं? चर्चिलचंच ना? (सातारा, वक्तृत्व स्पर्धांची तयारी करणारी विद्यार्थिनी)

चर्चिलचं नाव येतंच गं, 4 जून 1940 चं ‘आम्ही किनाऱ्यांवर लढू’ वगैरे. पण तुला एक वेगळं सांगतो. डेनिस हीली हे लेबर पार्टीचे मोठे नेते, चाळीस वर्षं कॉमन्समध्ये. त्यांनी आपण ऐकलेलं सर्वांत थोर संसदीय भाषण म्हणून निवडलं ते इनॉक पॉवेलचं, म्हणजे विरोधी पार्टीच्या माणसाचं! जुलै 1959. केनियात होला नावाच्या छावणीत ब्रिटिश अमलाखाली 11 कैद्यांना मारहाण करून ठार केलं होतं आणि आधी सांगितलं काय तर दूषित पाणी पिऊन मेले. सरकार पॉवेलच्याच पार्टीचं. मध्यरात्र उलटून गेल्यावर हा माणूस उठला. ते कैदी माणूस म्हणवण्याच्या लायकीचे नव्हते अशा अर्थाचं त्याच्याच बाजूचा एक जण आधी बोलला होता, त्यावर तो म्हणाला की मेलेला माणूस अमुकतमुक होता म्हणून त्याच्या मरणाचा जाब द्यायला नको, हे तत्त्वच भयंकर आहे. आणि पुढे म्हणाला की आफ्रिकेत आफ्रिकन मापं, आशियात आशियाई मापं आणि घरी ब्रिटिश मापं असं आपल्याला म्हणता येणार नाही. बोलता बोलता त्याला रडू आवरेना असं सांगतात.

याच पॉवेलने 1968 मध्ये बर्मिंगहॅमला बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध इतकं विखारी भाषण केलं की त्याच्या पार्टीच्या नेत्याने लगेच त्याला शॅडो कॅबिनेटमधून (विरोधी पक्षाच्या प्रतिमंत्रिमंडळातून) काढलं. तो विखार आपल्या लोकांनीही सोसलाय. एकाच माणसाच्या तोंडून ही दोन्ही भाषणं निघाली, हे मला अजून नीट पचत नाही, पण तू दोन्ही वाच. शेजारी शेजारी ठेवून वाच.

दुसरं, जेफ्री हाऊ. हा एकदम मवाळ, हळू आवाजात बोलणारा माणूस, याच हीलींनी एकदा म्हटलं होतं की हाऊने हल्ला केला म्हणजे मेलेल्या मेंढीने चावा घेतल्यासारखं वाटतं. या हाऊने पंतप्रधान थॅचरच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला आणि 13 नोव्हेंबर 1990 ला भाषण केलं. युरोपशी बोलणी करायला मंत्र्यांना पाठवायचं आणि मागे त्यांचंच बोलणं खोडून काढायचं यावर तो म्हणाला की हे म्हणजे ओपनिंग बॅट्समनना क्रीजवर पाठवायचं आणि पहिले बॉल पडायला लागल्यावर त्यांना कळतं की मॅचच्या आधीच कॅप्टनने त्यांच्या बॅटी मोडून ठेवल्यात. आवाज चढवला नाही, शिवी नाही, काही नाही. आणि 22 नोव्हेंबरला थॅचरनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. सभागृहात टीव्ही कॅमेरे येऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं त्यामुळे ते भाषण आजही बघायला मिळतं. तू बघच, कारण स्पर्धेत तुम्हाला हातवारे शिकवतात आणि इथे या माणसाचे हात जवळजवळ हलतच नाहीत.

ॲमरी, पॉवेल, हाऊ, तिघंही आपल्याच लोकांविरुद्ध बोलत होते. समोरच्यावर तुटून पडलेलं भाषण त्या दिवशी गाजतं, पण खासदारांना पुढे वर्षानुवर्षं आठवतं ते स्वतःची जागा पणाला लावून केलेलं. लेबर सरकारमधला मंत्री रॉबिन कुक, त्याचं तसंच. इराक युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडून 17 मार्च 2003 ला तो बोलला, आणि टाळ्या वाजवायची पद्धत नसलेल्या सभागृहात खासदारांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी युद्धाच्या बाजूने 412 आणि विरोधात 149 मतं पडली. भाषण हरलं. पण ज्या विनाशकारी शस्त्रांवर त्याने शंका घेतली होती ती पुढे इराकमध्ये सापडलीच नाहीत, आणि आज लोक वाचतात ते कुकलाच.

आम्ही लंडनजवळ राहतो, मुलांना बुधवारचं पंतप्रधानांचं प्रश्नोत्तर दाखवलं तर मुलं म्हणाली हे तर शाळेतल्या मधल्या सुट्टीसारखं आहे. एवढा गोंधळ का?

एक कारण जागा हे आहे. खासदार 650 आणि बसायला जागा साधारण 427, त्यातून बाकं समोरासमोर. 1941 मध्ये जर्मन बॉम्बने ते सभागृह जळालं तेव्हा मोठं, अर्धगोल बांधता आलं असतं, पण 1943 मध्ये चर्चिलनी हट्टाने सांगितलं की लहानच हवं आणि लांबटच हवं, म्हणजे थोडी माणसं असली तरी ओकंबोकं वाटणार नाही आणि महत्त्वाच्या दिवशी दाटीवाटी होऊन वातावरण तापेल. दुसरं म्हणजे टाळ्या नाहीत म्हणून सगळं कौतुक आणि सगळा राग तोंडानेच काढावा लागतो, ‘हिअर हिअर’ करत. मुलांना बुधवार दाखवलात तसं एखाद्या नव्या खासदाराचं पहिलं भाषण पण दाखवा, ते मध्ये न टोकता ऐकायचा रिवाज आहे. जो कॉक्सचं 3 जून 2015 चं दाखवा. आपल्याला वेगळं करणाऱ्या गोष्टींपेक्षा आपल्यात सारखं खूप जास्त आहे असं ती म्हणाली होती, आणि साधारण वर्षभराने, 16 जून 2016 ला, तिचा खून झाला. मुलं मोठी असतील तर हेही सांगा.

तिथे आपल्याबद्दल कधी कुणी बोललं का? (रत्नागिरी)

खूपदा, आणि आपल्यातलेही तिथे बोललेत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून फक्त 5 मतांनी निवडून आले होते. पण भाषणाच्या दृष्टीने 8 जुलै 1920 चं जालियनवाला बागेवरचं डिबेट वाचा. भारतमंत्री माँटेग्यू डायरविरुद्ध मनापासून, चिडून बोलले, त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, पण कंझर्व्हेटिव्ह खासदार भडकले आणि सभागृह हातातून जायला लागलं. ते सावरलं चर्चिलनी, शांतपणे एकेक मुद्दा मांडत, त्या हत्याकांडाला राक्षसी घटना म्हणत. आपल्या स्वराज्याचा एवढा कट्टर विरोधक, पण त्या दिवशी बरोबर बोलला. आणि तरीही नंतर लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ, सभागृहात डायरच्या बाजूने 129 मतं पडली आणि विरोधात 86.

ताईंच्या मुलीची गोष्ट आहे सर, आठवीत आहे, भाषण पाठ करते आणि स्टेजवर मध्येच विसरते, आता उभीच राहत नाही. काय करू? (कोल्हापूर)

तिला हे सांगा. एप्रिल 1904, चर्चिल 29 वर्षांचे, कॉमन्समध्ये भाषण पाठ करून गेलेले. बराच वेळ छान बोलले आणि मग एका वाक्याच्या मध्येच शब्द गेले. पुढचं काहीच आठवेना. खिसे चाचपले, कागद शोधले, शेवटी ऐकून घेतल्याबद्दल आभार मानले आणि खाली बसून चेहरा हातांत झाकला. त्यांच्या वडिलांचं शेवटच्या काळात बोलताना असंच व्हायचं, त्यामुळे बघणाऱ्यांनाही धस्स झालं. त्यानंतर ते पाठांतरावर विसंबून राहिले नाहीत, कायम टिपणं घेऊन उभे राहिले, आणि ती कवितेसारखी छोट्या छोट्या ओळी तोडून टाईप केलेली असायची म्हणजे नजर टाकली की ओळ सापडते. तुमच्या भाचीला तसं लिहायला लावा, एका श्वासात जेवढं बोलता येतं तेवढी एक ओळ. स्पर्धेत कागद चालत नसेल तर आधी घरच्या चार माणसांसमोर कागद हातात धरून बोलू दे.