सोसायटीच्या वार्षिक सभेला आठ-दहाच सभासद येतात. कोरम, म्हणजे सभेला हवी असलेली किमान हजेरी, नसताना झालेली सभा वैध ठरते का? आणि लोकांनी यावं म्हणून काय करायचं?

हो, तहकूब करून पुन्हा भरवलेली सभा वैध ठरते. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यातली लहान संख्या. अर्धा तास थांबूनही तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब करायची. पुन्हा भरली की कोरमची अट नाही. मात्र 'त्याच दिवशी अमुक वाजता' हे मूळ नोटिशीतच छापलेलं हवं, नाहीतर ७ ते ३० दिवसांतली तारीख घ्यावी लागते. नोटीस १४ पूर्ण दिवस आधी, सभा ३० सप्टेंबरच्या आत. पुनर्विकासाच्या ठरावाला ही पळवाट चालत नाही, तिथले नियम वेगळे आहेत.

लोक येण्याचं म्हणाल तर मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. 'हिशेब मंजूर करणे' वाचून कोणी जिना उतरत नाही. आम्ही नोटिशीत पहिलाच विषय लिहिला, 'पाहुण्यांच्या गाड्या गेटच्या आत घ्यायच्या की नाही', आणि खुर्च्या कमी पडल्या. भांडणंही झाली, ते सोडा. भाडेकरूंना मत नसतं, पण गणपतीच्या वर्गणीपासून टाकीच्या सफाईपर्यंत कामाला तेच पुढे असतात, त्यांना विसरू नका.