वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर सिंथ आणि बाहेरची इफेक्ट यंत्रे

घरच्या स्टुडिओविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी चार पत्रे घेतली आहेत. चारही वाचकांची अडचण एकाच वाटेवरची आहे : सूर संगणकातल्या सॉफ्टवेअर सिंथमध्ये, म्हणजे आवाज घडवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तयार होतो, आणि त्यांना तो ऑडिओ इंटरफेस या आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीमार्फत बाहेरच्या पेडलमधून किंवा यंत्रातून फिरवून पुन्हा संगणकात आणायचा आहे.

प्रश्न : मी एकांकिकांसाठी पार्श्वसंगीत करतो. सगळे सूर सॉफ्टवेअर सिंथचे असतात. अलीकडे मी एक ॲनालॉग डिले (प्रतिध्वनी देणारे) आणि एक रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारे) अशी गिटारची दोन पेडले घेतली. माझ्या ऑडिओ इंटरफेसला चार इनपुट आणि चार आउटपुट आहेत. सिंथचा आवाज पेडलमधून फिरवून आणला की तो फाटका येतो, आणि मूळ आवाजात मिसळला की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटतो. पेडले खराब निघाली का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून तसे वाटत नाही. आवाज फाटणे हा पातळीचा प्रश्न आहे आणि तो पोकळ होणे हा वेळेचा. दोन्हींचे मूळ पेडलमध्ये नसून पेडल आणि इंटरफेस यांच्या जोडणीत आहे.

आधी पातळीचे पाहू. गिटारचे पेडल हे गिटारच्या पिकअपमधून येणाऱ्या क्षीण सिग्नलसाठी बांधलेले असते. इंटरफेसचे लाइन आउटपुट त्याहून कितीतरी जोरकस असते. सॉफ्टवेअरमधला मीटर शून्याला टेकतो तेव्हा पुष्कळ इंटरफेसमधून १६ डीबीयूच्या (सिग्नलची पातळी मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे सुमारे ४.९ व्होल्टचा सिग्नल बाहेर पडतो, आणि त्या लहरीचा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा पल्ला जवळजवळ १४ व्होल्ट भरतो. ९ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या पेडलमध्ये हा पल्ला मावूच शकत नाही, म्हणून लहरीची दोन्ही टोके छाटली जातात. त्यातच सॉफ्टवेअर सिंथचे तयार प्रीसेट बहुधा मोठ्या आवाजात बांधलेले असतात. पेडलकडे जाणाऱ्या ट्रॅकची पातळी २० डेसिबलने खाली आणून पाहा. आवाज लगेच स्वच्छ झाला, तर निदान बरोबर आहे असे समजा.

केवळ फेडर खाली ओढूनही काम भागते, परंतु हेच काम नियमित करायचे असेल तर रीअँप बॉक्स घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो सिग्नल गिटारच्या पातळीला आणतो, पेडलला अपेक्षित असलेला इम्पीडन्स (सिग्नलच्या वाटेतला विद्युत अवरोध) देतो आणि त्यात ट्रान्सफॉर्मर असेल तर पेडल व इंटरफेस यांच्यातला विजेचा थेट संबंधही तोडतो. इम्पीडन्सचा फरक डिले आणि रिव्हर्बमध्ये फारसा ऐकू येत नाही. फझसारख्या, आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये मात्र तो इतका जाणवतो की तेच पेडल दुसरेच भासावे. परतीचा सिग्नल इंटरफेसच्या गिटारसाठी असलेल्या इनपुटमध्ये घ्या आणि त्या वाटेवर ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद असल्याची खात्री करा.

आपले डिले पेडल ॲनालॉग आहे, याचा आपल्याला मोठा लाभ होऊ शकतो. अशा बहुतेक पेडलांत बकेट ब्रिगेड नावाची चिप असते, जिची कल्पना १९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत पुढे आली. चाळीत नळापासून घरापर्यंत माणसांची रांग लावून पाण्याचे हंडे हातोहात पुढे द्यावेत, तसा ही चिप विजेचा भार एका धारकातून (कपॅसिटरमधून) पुढच्या धारकात सरकवत नेते, आणि शेवटच्या धारकापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ म्हणजेच प्रतिध्वनीचा वेळ. हातोहात जाताना थोडे पाणी सांडतेच. वेळ जितका लांबवावा तितकी वरच्या पट्टीतली चमक गाळून टाकावी लागते, म्हणून प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा किंचित मंद आणि काळसर होत जातो. सॉफ्टवेअर सिंथचा आवाज बहुधा काठोकाठ चकचकीत असतो; त्याच्या मागे असा काळवंडत जाणारा प्रतिध्वनी ठेवला की रंगमंचावरच्या संवादाला वाट मोकळी राहते. एकांकिकेसाठी या पेडलचा उपयोग करायचा तो याचसाठी.

आता पोकळपणाविषयी. संगणक आवाजाच्या नोंदी (सॅम्पल) गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो, आणि त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद. सिग्नल बाहेर जातो आणि परत येतो, त्यामुळे हा वेळ दुप्पट होतो आणि ॲनालॉग-डिजिटल रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेळ त्यात आणखी मिळतो. इंटरफेसचा ड्रायव्हर जो आकडा कळवतो तेवढी भरपाई सॉफ्टवेअर करते, पण तो आकडा नेहमीच अचूक नसतो आणि डिजिटल पेडल स्वतःचा थोडा वेळ घेते, तो तर सॉफ्टवेअरला माहीतच नसतो. मूळ आवाज आणि अवघा १ मिलिसेकंद उशिरा आलेली त्याची प्रत एकत्र झाली की ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही एकमेकांना खोडतात. आपल्याला ऐकू येणारा पत्र्याचा डबा हाच आहे.

यावर उपाय दोन. रिव्हर्ब आणि डिले यांना सेंडवर, म्हणजे मूळ आवाजाची प्रत वेगळ्या वाटेने पाठवणाऱ्या जोडणीवर, ठेवा आणि पेडलवरचे मिश्रणाचे बटण पूर्णपणे इफेक्टकडे फिरवा, म्हणजे परतीच्या वाटेवर मूळ आवाज येणारच नाही आणि उरलेले काही मिलिसेकंद रिव्हर्बच्या आधीच्या विरामात जिरून जातील. हवेत ध्वनी ३ मिलिसेकंदांत सुमारे एक मीटर जातो. भिंत दोन-तीन मीटर मागे सरकली एवढाच काय तो फरक. मिश्रणाचे बटण पूर्ण फिरवले तरी काही पेडले मूळ आवाज सोडतच राहतात, तो मात्र कानांनी तपासा. कंप्रेसर, फिल्टर किंवा डिस्टॉर्शन यांना पूर्ण आवाजाच्या वाटेतच बसवावे लागते, तेथे अचूक मोजमापाला पर्याय नाही. रीपरमध्ये रीइन्सर्ट आणि लॉजिक प्रोमध्ये आय-ओ हे प्लगइन पिंग, म्हणजे चाचणीची एक छोटी टिचकी, पाठवून वेळ आपोआप मोजतात. एबलटन लाइव्हच्या एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्टमध्ये आकडा आपण हाताने भरायचा असतो. मोजताना डिलेचे प्रतिध्वनी बंद ठेवा, नाहीतर पिंगऐवजी त्याचा प्रतिध्वनीच मोजला जाईल. इंटरफेसचे डायरेक्ट मॉनिटरिंगही, म्हणजे इनपुटचा आवाज संगणकात न जाता थेट ऐकवण्याची सोय, बंद असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो : पेडलमधून आलेला आवाज मनासारखा लागला की त्याच बैठकीत वेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. बाहेरचे यंत्र वाटेत असले की संगणकाला मिक्स घाईने काढता येत नाही. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेचे संगीत काढायला चाळीस मिनिटेच लागतात. पेडलची बटणे प्रोजेक्टच्या फाइलमध्ये जतन होत नाहीत. प्रयोग दोन दिवसांवर आला असताना दिग्दर्शकाने तिसऱ्या प्रवेशातला एक सूर लांबवायला सांगितला, तर तोच प्रतिध्वनी पुन्हा जुळवण्यात रात्र जाते. कोरडा ट्रॅक, इफेक्टचा ट्रॅक आणि मोबाइलवर काढलेले बटणांचे छायाचित्र, ही तिन्ही एकाच फोल्डरमध्ये असू द्या.

प्रश्न : आमची इमारत जुनी आहे. पेडल जोडले की सतत घूं असा आवाज येतो आणि संध्याकाळी त्यात चरचर मिसळते. एका ओळखीच्या माणसाने चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितले. ते करावे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : मुळीच करू नये. अर्थिंगची पिन जिवाच्या रक्षणासाठी असते आणि पावसाळ्यात भिंती ओलावलेल्या घरात तर तिचे महत्त्व अधिकच. उलट, घरातल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर पोहोचते की नाही हे परवानाधारक वायरमनकडून आधी तपासून घ्या, कारण जुन्या इमारतींत तीन भोकांचे सॉकेट असूनही तिसऱ्या भोकामागे तार नसल्याचे आढळते.

मग आवाज शोधायला लागा. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. घूं थांबली, तर लॅपटॉप आणि दुसरे एखादे यंत्र दोन वाटांनी अर्थिंगला जोडले जाऊन मध्ये वलय तयार झाले आहे. अशा वेळी सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून एकाच एक्स्टेन्शनने चालवावीत आणि त्यावरही भागले नाही, तर ऑडिओच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर किंवा वर सांगितलेला रीअँप बॉक्स बसवावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही घूं ५० आणि तिच्या पटीतल्या स्वरांवर बसते. ती प्लगइनने पुसायला गेलात तर सिंथचा खर्जही पातळ होतो.

संध्याकाळच्या चरचरीविषयी माझा पहिला संशय पंख्याच्या रेग्युलेटरवर आणि दिव्याच्या डिमरवर आहे. फिरवून वेग हळूहळू बदलणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर मधूनच कापतात आणि तिचा खरखरीत अंश पेडलच्या अनबॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट रद्द करणारी दुसरी तार नसलेल्या) केबलमध्ये शिरतो. पंखा पूर्ण बंद करून एकदा ऐका. मुंबईच्या उकाड्यात पंख्यावाचून बसणे कठीण हे खरेच. म्हणून संशय खरा ठरला तर ठरावीक टप्प्यांचा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवून घ्या. ऑडिओची केबल विजेच्या वायरीला समांतर न नेता, ओलांडायचीच असेल तेव्हा काटकोनात ओलांडा. दोन पेडले एकाच ॲडॅप्टरवर असतील आणि त्यांतले एक डिजिटल असेल, तर बारीक शिट्टीसारखा आवाज त्या सामाईक वाटेनेही येतो. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड पुरवठा देणे हा त्यावरचा खरा उपाय.

प्रश्न : माझ्या इंटरफेसला फक्त दोन आउटपुट आहेत आणि दोन्ही स्पीकरकडे जातात. हेडफोनचे आउटपुट वापरून पेडलला सिग्नल देता येईल का, की नवा इंटरफेस घ्यावाच लागेल?
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : अशा इंटरफेसमध्ये हेडफोनला बहुधा मुख्य आउटपुटचीच प्रत मिळते, त्यामुळे सिंथ वेगळा काढता येत नाही, संपूर्ण गाणेच पेडलमध्ये जाते. तरीही लगेच खर्च करू नका. सिंथचा ट्रॅक आधी ऑडिओमध्ये काढून घ्या आणि त्याच्या सुरुवातीला एक सॅम्पल लांबीची टिचकी ठेवा. स्पीकरच्या केबली काढून तेच आउटपुट पेडलला जोडा, बाकीचे सगळे ट्रॅक बंद करा, एवढा एकच ट्रॅक वाजवा आणि पेडलमधून येणारा आवाज नव्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करा. मग दोन्ही टिचक्या एकाखाली एक येतील असा नवा ट्रॅक मागे सरकवा.

या वेळी नव्या ट्रॅकचे मॉनिटरिंग आणि इंटरफेसचे डायरेक्ट मॉनिटरिंग ही दोन्ही बंद असणे अत्यावश्यक आहे, कारण पेडलमधून आलेला आवाज त्याच आउटपुटने पुन्हा पेडलमध्ये शिरला तर तो वाढत जाऊन कर्कश फीडबॅक होतो. कानांना हेडफोन लावले असतील तर इजाही होऊ शकते. परिणामी ध्वनिमुद्रण चालू असताना आपल्याला कोरडा आवाजच ऐकू येईल आणि पेडलचा परिणाम नंतर कळेल, गैरसोय एवढीच. पेडल मोनो असेल तर डावी आणि उजवी बाजू दोन वेळा स्वतंत्रपणे फिरवा. ॲनालॉग पेडलमधून दोन्ही वेळा तंतोतंत एकसारखा आवाज येत नाही, आणि त्या सूक्ष्म फरकामुळे मिळणारी रुंदी मला तरी स्टिरिओ प्लगइनपेक्षा अधिक आवडते.

प्रश्न : भावाने न्यू जर्सीहून एक जुने स्प्रिंग रिव्हर्बचे यंत्र आणले आहे. त्याच्या मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे लिहिले आहे. ते येथे चालेल का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : थेट सॉकेटला लावू नका, २३० व्होल्टवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळेल. व्होल्टेज बदलण्याची सोय यंत्राच्या मागे नसेल तर लॅमिंग्टन रोडवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. यंत्रावर लिहिलेल्या वॉटच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या आणि त्याची अर्थिंग पुढच्या सॉकेटपर्यंत जाते ना, हे दुकानातच मीटर लावून पाहा. ५० हर्ट्झवर यंत्राचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर थोडा अधिक तापू शकतो, म्हणून पहिले काही दिवस त्यावर हात ठेवून अंदाज घेत जा. रिव्हर्बच्या आवाजात मात्र फरक पडणार नाही. विजेच्या हर्ट्झवर मोटर फिरवणारे टेप एको असते तर त्याची टेप येथे सहापैकी पाचच भाग वेगाने फिरली असती.

जागा निवडताना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर स्प्रिंगच्या ट्रेपासून हातभर तरी दूर असू द्या, कारण ट्रेच्या पिकअपमध्ये त्याचे चुंबकीय क्षेत्र शिरून घूं येते. यंत्र स्पीकरच्या टेबलावर ठेवू नका. खालून जड ट्रक गेला तरी स्प्रिंग झणझणते, तेव्हा यंत्राखाली जाड फोमचा तुकडा घाला आणि ध्वनिमुद्रणासाठी रस्ता शांत असेल अशी वेळ निवडा.