दुबईतला ब्रिटिश पब बंद करून दुसऱ्या हॉटेलात हलवायचाय. नव्या जागी बिअर तशीच लागावी म्हणून काय करावं?

तुमच्या प्रश्नावरून जे कळलं ते असं: जुनं हॉटेल पाडणार आहेत, त्यातला ब्रिटिश पब ग्रुपच्याच दुसऱ्या हॉटेलात जाणार आहे, आठ नळ आहेत, नव्या जागी कोल्ड रूम दोन मजले खाली तळघरात आहे, गिऱ्हाईक बहुतेक ब्रिटिश एक्सपॅट. वरून आदेश 'सगळं जसंच्या तसं हवं', आणि यादी करायचं काम तुमच्या गळ्यात.

सुरुवात टेपने करा. केग (बिअरची स्टीलची पिंपं) जिथे उभे राहणार तिथपासून काउंटरवरच्या नळापर्यंत, पाइप ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने अंतर मोजा. चढ वेगळा मोजा. नकाशावर नाही, प्रत्यक्ष जाऊन. हे दोन आकडे हातात येईपर्यंत लाकूडकाम आणि गालिचा यांवर एक दिऱ्हमही खर्च होऊ देऊ नका. 'पब पहिल्यासारखा राहिला नाही' ही तक्रार बहुधा पहिल्या ग्लासापासून सुरू होते, भिंतींकडे लोक नंतर बघतात.

समजा जुन्या जागी पाइप ८ मीटर होता आणि नव्या जागी ३० मीटर, त्यात चढ ७ मीटर. दर मीटर चढाला साधारण १.४ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब लागतो, म्हणजे नुसत्या चढाचेच १० पीएसआय. त्यात पाइपचं घर्षण मिळवा. ते पाइपच्या आतल्या व्यासावर आणि जातीवर ठरतं. ३/८ इंची बॅरियर पाइपला (आतून गुळगुळीत अस्तर असलेला बिअरचा पाइप) मीटरमागे साधारण ०.२ पीएसआय धरा, म्हणजे ३० मीटरला ६. त्याच व्यासाच्या साध्या व्हिनाइल पाइपला याच्या तिप्पट लागतं. तेव्हा ठेकेदाराला पाइपची जात कोटेशनमध्येच लिहायला लावा. बॅरियर पाइप धरला तर १६ पीएसआय नळापर्यंत पोचण्यातच गेले.

आता खरी गोम. ३ ते ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये लागरमधला (नेहमीची फिकट, गार बिअर) वायू जेवढ्यास तेवढा राहण्यासाठी शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा दाब ११-१२ पीएसआयच हवा. जुन्या जागी तेवढ्यावर भागत होतं. नव्या जागी बिअर वर चढेना म्हणून कुणीतरी रेग्युलेटर २५ वर नेतो. पहिले दोन दिवस सगळं झकास चालतं. मग जास्तीचा वायू बिअरमध्ये विरघळतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळातून नुसता फेस येतो. सगळे नळाला शिव्या घालतात, नळाचा काही दोष नसतो.

यावर उपाय मिश्र वायूचा: ६० टक्के कार्बन डायऑक्साइड, ४० टक्के नायट्रोजन. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, नुसता ढकलायचं काम करतो. हिशेब केला तर या मिश्रणाला सुमारे २९ पीएसआय ठेवता येतो आणि बिअरमधला वायू वाढत नाही, घटतही नाही. गरजेपेक्षा जो दाब उरतो तो नळाच्या फ्लो कंट्रोलने, म्हणजे धार कमी-जास्त करायच्या कळीने, खाऊन टाकायचा. गिनेससारख्या स्टाउटचा (काळी, दाट बिअर) वायू वेगळा, ३० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ७० टक्के नायट्रोजन, दाब साधारण ३० ते ३५. त्याच्या नळात बारीक भोकांची चकती असते. साफसफाईत ती काढून कुणी परत बसवायला विसरला तर तो मलईसारखा थर कधीच येणार नाही. दोन्ही सिलिंडर शेजारी ठेवणार असाल तर होजला वेगळ्या रंगाची टेप लावा. अदलाबदल झाली तर लागर सपक होते आणि स्टाउट उसळतो.

लांब पाइपचा दुसरा भुर्दंड नासाडीचा. ३/८ इंची पाइपमध्ये मीटरमागे ७१ मिली बिअर बसते. ८ मीटरला साधारण एक पिंट, ३० मीटरला पावणेचार पिंट (पिंट ब्रिटिश, ५६८ मिलीचा). आठ नळ, दर आठवड्याला लाइन धुणं, म्हणजे जिथे आठवड्याला आठ पिंट जायचे तिथे तीस जाणार. हा आकडा वरच्यांना आधीच लिहून द्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात स्टॉक का जुळत नाही याचा जाब तुम्हाला विचारतील. फार न खपणाऱ्या बिअरला ५/१६ इंची पाइप घ्या. त्यात मीटरमागे ५० मिलीच बसते, घर्षण मात्र वाढतं. आठपैकी दोन नळ दिवसाला दहा पिंटही विकत नसतील तर ते नव्या जागी नकोतच. बाटली ठेवा.

जुने पाइप उचलून नेऊ नका. प्लास्टिक वास धरून ठेवतं, आणि ज्या लाइनमधून सायडर गेली त्यातून लागर सोडली तर सफरचंद लागणारच. नळ, कपलर (केगच्या तोंडावर बसणारा जोड) आणि रेग्युलेटर न्या, पण सगळे उघडून, धुऊन, रबरी वॉशर नवे घालून. कपलरची मोजणी आताच करा. युरोपातल्या बहुतेक केगला एस टाइप, गिनेसला यू टाइप, काही जर्मन केगला सरकवून बसणारा ए टाइप आणि अमेरिकन केगला डी टाइप. उद्घाटनाच्या आदल्या रात्री एक यू कपलर कमी पडला तर तो शहरभर शोधत फिरावं लागेल.

३० मीटरचा पाइप कोल्ड रूमच्या बाहेर पडला की दुबईत तो फॉल्स सीलिंगच्या वरून किंवा सर्व्हिस कॉरिडॉरमधून जातो, आणि तिथे एसी नसतो. म्हणून सगळ्या बिअर लाइन आणि थंड ग्लायकॉलच्या (न गोठणारं, लाइन गार ठेवणारं द्रव) जाण्या-येण्याच्या नळ्या एकत्र बांधून वरून जाड इन्सुलेशन चढवतात. या जुडग्याला धंद्यात पायथन म्हणतात. पायथन सलग हवा. जिथे सांधा, तिथे इन्सुलेशन उघडं पडतं, पाणी सुटतं आणि महिन्याभरात खालच्या सीलिंगवर डाग येतो. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शेवटचा हातभर, काउंटरखालून टॉवरमध्ये, म्हणजे नळ बसवलेल्या खांबात, जाणारा. ठेकेदार इन्सुलेशन काउंटरखाली संपवतो आणि हात झटकतो. ताबा घेताना टॉवरला हात लावून बघा. गार लागला नाही तर बिल अडवा.

नवी लाइन चालू झाल्यावर फेस कुठे येतो यावरून दोष सापडतो. बराच वेळ नळ बंद राहिल्यावर फक्त पहिला ग्लास फेसाळतो आणि दुसरा ठीक येतो, तर टॉवर गरम आहे. प्रत्येक ग्लास फेसाळतो, तर केग गरम आहे किंवा दाब चुकलाय. मधूनच बुडबुडे येतात, तर कपलरचा वॉशर गेलाय किंवा पाइप कुठेतरी मुडपलाय. फेसच धरत नाही, तर आधी ग्लास बघा. डिशवॉशरमधलं तेलकट पाणी आणि लिपस्टिक फेस मारतात, वायूचा संबंध नसतो. बिअरला लोण्यासारखा किंवा आंबूस वास आला तर बहुधा लाइन धुतलेली नाही.

धुण्याची पद्धत तीच ठेवा: आठवड्यातून एकदा, कॉस्टिक क्लीनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, लाइनमध्ये १५ मिनिटं फिरवून, मग लिटमस कागद रंग बदलायचा थांबेपर्यंत गार पाणी. तीन महिन्यांतून एकदा ॲसिड, पण त्याच दिवशी कॉस्टिकसोबत नाही. ही दोन रसायनं एकमेकांत मिसळू देऊ नका. कोल्ड रूम तळघरात आहे म्हणून आणखी एक गोष्ट, आणि ही खर्चाच्या यादीतून कापू देऊ नका: कार्बन डायऑक्साइडचा अलार्म. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साठतो, गळती झाली तर आत गेलेला माणूस आवाज न करता कोसळतो. अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवा, दाराबाहेर दिवा लावा. सिलिंडर नेताना उभे, झाकण लावून, आणि लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत माणूस नको.

काउंटरवर पितळी मुठींचे हँडपंप असतील तर ते जरूर न्या, पण त्यातून काय येणार याबद्दल खोटी आशा दाखवू नका. इंग्लंडात तो पंप कास्क एलसाठी असतो. ती बिअर पिंपातच आंबत राहते, ११ ते १३ अंशांत ठेवावी लागते आणि एकदा भोक पाडलं की तीन दिवसांत संपवावी लागते. आखातापर्यंतच्या बोटीच्या प्रवासात ती टिकणार नाही. म्हणून इथे मिळणारी 'बिटर' (इंग्लिश कडसर एल) ही केगमधलीच असते. जुन्या गिऱ्हाइकांना हे तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता कागद. दुबईत बहुतेक पब हॉटेलात असण्याचं कारणच परवाना हे आहे. दारूची परवानगी त्या हॉटेलाला आणि त्या पत्त्याला असते, पाटीवरच्या नावाला नाही. म्हणून हॉटेल गेलं की पब जातो, कितीही जुना असला तरी. शेख झायेद रस्त्यावरच्या मेट्रोपॉलिटन हॉटेलातला रेड लायन १९७९ पासूनचा होता, तरी हॉटेल पाडलंच आणि तिथे अल हब्तूर सिटी उभी राहिली. हाँगकाँगलाही तेच. एक्सेलसिअर हॉटेल मार्च २०१९ मध्ये बंद झालं आणि त्याच्या तळघरातला डिकन्स बारही त्याबरोबर गेला. तुमच्याकडे दुसरं हॉटेल तयार आहे, हे नशीबच म्हणायचं. पण तिथल्या परवान्यात ही जागा बार म्हणून दाखवली आहे का, आणि सिव्हिल डिफेन्सने (आगीपासूनची सुरक्षा बघणारं खातं) तेवढ्या माणसांना मान्यता दिली आहे का, हे लेखी मिळाल्याशिवाय जुन्या पबच्या शेवटच्या दिवसाची तारीख जाहीर करू नका. जुनं लाकडी पॅनेलिंग नव्या जागी लावायचं तर आगीच्या नियमांत बसतं का, हेही त्याच वेळी विचारा.

स्वयंपाकघरातली एक गोष्ट हमखास राहून जाते. सकाळच्या इंग्लिश ब्रेकफास्टमधलं बेकन आणि सॉसेज डुकराच्या मांसाचं असेल तर महापालिकेचा वेगळा परवाना लागतो, आणि वेगळा फ्रीजर, वेगळी ओट्याची जागा, वेगळ्या सुऱ्या नि पाट्या. नव्या हॉटेलच्या किचनमध्ये ती जागा आखलेली नसेल तर नंतर भिंत फोडावी लागते. बेकनशिवाय ब्रिटिश पब चालवणं अवघड आहे. शनिवारची सकाळ रिकामी जाईल.

साठा संपवायला शेवटचे सहा आठवडे धरा. ५० लिटरच्या केगमधून हिशेबाने ८८ पिंट निघतात, ३० लिटरच्या केगमधून ५२. प्रत्यक्षात थोडे कमी धरा. नळागणिक रोजचा खप काढा आणि शेवटच्या पंधरवड्यात फक्त ३० लिटरचे मागवा. उरलेली दारू टेम्पोत घालून दुसऱ्या हॉटेलात नेता येईल असं समजू नका. एका पत्त्यावरचा साठा दुसरीकडे हलवायचा तर आधी पुरवठादाराशी बोला आणि परवानगीचे कागद हातात घ्या. रिकामे केग ब्रुअरीच्या मालकीचे असतात, मोजून परत करा.

जसंच्या तसं काय न्यायचं, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. गालिचा टाकून द्या, त्यात वर्षानुवर्षांची बिअर मुरलेली असते. काउंटर मात्र न्या, तुकड्यांवर मागच्या बाजूला खडूने नाही तर मार्करने नंबर घालून, फोटो काढून. उंची तीच ठेवा, आणि लांबी कमी करू देऊ नका. ब्रिटिश गिऱ्हाईक काउंटरवर जाऊन ऑर्डर देतं, तिथेच उभं राहून पितं. नव्या हॉटेलचा एफ अँड बी (खाणं-पिणं बघणारा) मॅनेजर हमखास दारात होस्टेस आणि टेबल सर्व्हिस आणेल. त्याला विरोध करा. डार्टबोर्ड लावणार असाल तर लाल बुलचा (बोर्डाच्या मधोमधला ठिपका) मध्य जमिनीपासून १.७३ मीटरवर आणि फेकायची रेघ बोर्डाच्या तोंडापासून २.३७ मीटरवर. भिंतीपासून मोजलं तर बोर्डाच्या जाडीएवढी चूक होते, आणि खेळणाऱ्याला ती कळते. मॅच दाखवायला घरगुती कनेक्शन चालत नाही. व्यावसायिक वर्गणी पत्त्याला बांधलेली असते, ती नव्या पत्त्यावर वेळेत बदलून घ्या.

तुमच्याबरोबरच्या पोरांसाठी, त्यात कोकणातले आणि गोव्यातले बरेच असणार: ग्रुप तोच असला तरी नवं हॉटेल वेगळ्या कंपनीच्या नावावर असू शकतं. करारावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. नाव बदलत असेल तर जुन्या नोकरीची ग्रॅच्युइटी आणि उरलेल्या रजेचे पैसे मागायचे, किंवा सेवा सलग धरली जाईल असं लेखी घ्यायचं. तोंडी आश्वासनावर सही करू नका. वर्षभर नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा मूळ पगार, आणि नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत ती मिळायला हवी.

उद्घाटन मोठ्या मॅचच्या दिवशी ठेवू नका. केग निदान दोन दिवस आधी आणून कोल्ड रूममध्ये ठेवा. उन्हाळ्यात लोडिंग डॉकवर तासभर राहिलेला केग एका रात्रीत गार होत नाही. आधी सगळ्या लाइनमधून पाणी सोडून गळती बघा, मग कॉस्टिक, मग पाणी, मग प्रत्येक नळावर एक केग. मंगळवारी संध्याकाळी जुन्या नेहमीच्या वीस-पंचवीस जणांना बोलवा आणि प्रत्येक नळाच्या तिसऱ्या ग्लासात थर्मामीटर घाला. लागर ५ अंशांच्या वर असेल तर तो नळ बंद ठेवून ग्लायकॉलवाल्याला त्याच रात्री बोलवा.