मैदानातले प्रश्न : अमेरिकी फुटबॉलचा गडी पारखायचा कसा?

प्रश्न (निपाणी) : पहाटे उठून एनएफएलचा, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट बघतो; त्यात संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात. 40 यार्ड कमी वेळात धावलं की पोरगं पहिल्या फेरीत गेलंच, असं दिसतं. एका धावेवर एवढे पैसे कसे लावतात?

उत्तर : शहाणा संघ लावत नाही. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, पण औताला जुंपून चालवल्याशिवाय इसार देत नाही. फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला होणारा कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी, हे झालं दात बघणं. औत म्हणजे सामन्यांचं चित्रण, तेही उंचावरून बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील असं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे चेंडू नसताना खेळाडू काय करतो ते कळतच नाही.

निदान चार-पाच सामने पूर्ण बघावेत. एक सगळ्यात तगड्या संघाविरुद्धचा, एक हरलेला, एक हंगामाच्या शेवटचा आणि एक आदल्या वर्षीचा. नुसत्या निवडक झेलांची चित्रफीत पाहून मत बनवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा. त्याने तिसऱ्या डाउनला (10 यार्ड पुढे सरकायच्या चार संधींपैकी तिसरीत) आणि अंगावर माणूस येत असताना फेकलेले चेंडू वेगळे काढून बघा. रिसीव्हर, म्हणजे झेल घेणारा, वळायच्या आत चेंडू हातातून सुटतो का? की रिसीव्हर मोकळा दिसेपर्यंत क्वार्टरबॅक थांबतो? जो थांबतो, तो व्यावसायिक मैदानात अडकतो, कारण तिथे मोकळी जागा क्षणभरच टिकते. टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या रांगेतला कडेचा गडी, बघताना नजर पायांवर ठेवा. त्याचे हात 33-34 इंचांहून आखूड असतील, तर समोरच्याचा हात छातीवर आधी पोचतो.

वेळ नेहमी वजनासोबत वाचावी. 140 किलोच्या लाइनमनने (पुढच्या रांगेतल्या धिप्पाड गड्याने) 4.9 सेकंद घेतले तर ते नवल. 80 किलोच्या रिसीव्हरचे 4.5 सेकंद साधारणच. लाइनमन सरळ 40 यार्ड क्वचितच धावतो, म्हणून त्याचे पहिले 10 यार्ड मोजायचे. रिसीव्हर जॉन रॉस 2017 मध्ये 4.22 सेकंदांत धावला आणि नवव्या क्रमांकावर निवडला गेला. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला 5.28 सेकंद लागले होते. 2000 साली तो 199वा निवडला गेला आणि पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. कम्बाइनमधली खरी मोलाची गोष्ट डॉक्टरी तपासणी आहे. जुना गुडघा, जुना खांदा चित्रणात दिसत नाही.

प्रश्न (खानापूर) : खेळाडूला काढून टाकलं तरी त्याचा पैसा संघाच्या हिशेबात राहतो म्हणे. ते कसं?

उत्तर : 2025 मध्ये प्रत्येक संघाची वेतनमर्यादा 27 कोटी 92 लाख डॉलर होती. समजा, पाच वर्षांच्या करारात 2.5 कोटी डॉलर साइनिंग बोनस, म्हणजे सहीच्या वेळची रक्कम, दिला. पैसे खेळाडूच्या हातात लवकर पडतात, पण हिशेबात दरवर्षी 50 लाखच धरतात. दोन वर्षांनी त्याला काढलं, तर उरलेले 1.5 कोटी एकदम त्याच वर्षी येऊन बसतात. यालाच डेड मनी म्हणतात. 1 जूननंतर काढलं, तर 50 लाख यंदा आणि 1 कोटी पुढच्या वर्षी. ओझं तेवढंच राहतं, फक्त पुढे ढकललं जातं. दर वर्षी करारात फेरफार करून वेतनमर्यादेतली आजची जागा मोकळी करणारे संघ इथेच फसतात : तिशी ओलांडलेला खेळाडू दमतो आणि त्याचं देणं मात्र ऐन तेव्हाच सर्वात मोठं झालेलं असतं.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. जानेवारीत आपल्याच खेळाडूंचा कठोर हिशेब : कोण ठेवायचा, कोण सोडायचा, पुढच्या वर्षी कोणाचा करार संपतो. मार्चच्या मध्यावर फ्री एजंटांचा, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, बाजार उघडतो. तिथे संघातली मोठी भोकं बुजवावीत, मध्यम किमतीत आणि कमी मुदतीच्या करारांवर. एप्रिलअखेरच्या ड्राफ्टला भोकं घेऊन गेलात, तर गरजेपोटी दुसऱ्या फेरीच्या लायकीचा गडी पहिल्या फेरीत उचलता. आमच्या मते ड्राफ्टमधल्या बहुतेक चुकांचं मूळ मार्चमध्येच असतं. उन्हाळ्यात 90 खेळाडू ठेवता येतात, हंगामासाठी 53 आणि सरावपथकात 16. दुखापतींसाठी थोडी रक्कम राखून ठेवलीच पाहिजे.

प्रश्न (बेळगाव, टिळकवाडी) : ड्राफ्टमध्ये पहिला नंबर कोणाचा?

उत्तर : आदल्या हंगामात सगळ्यात वाईट कामगिरी करणाऱ्याचा. सुपर बोल जिंकणारा 32वा. एकूण फेऱ्या सात. नंबरांची अदलाबदलही चालते.

प्रश्न (चिक्कोडी, शारीरिक शिक्षण शिक्षक) : आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघासाठी यातलं काय उचलावं?

उत्तर : 40 यार्ड म्हणजे 36.58 मीटर, कबड्डीच्या मैदानाला तेवढ्याची गरज नाही. 5 आणि 10 मीटरच्या खुणा करा, प्रत्येकाला दोन संधी द्या, वेळ एकाच माणसाने घ्यावी. हातातल्या स्टॉपवॉचने वेळ कमी येतो, कारण पाय हलल्यावर बटण दाबेपर्यंत थोडा उशीर होतोच. त्यामुळे हाताने घेतलेली वेळ यंत्राच्या वेळेशी ताडू नका. आणि चढाईपटूचे फक्त गुण लिहू नका. संघ पिछाडीवर असताना, सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांतल्या त्याच्या चढाया वेगळ्या पानावर उतरवा.