शेवटचे सत्र मुंबईत इंटर्नशिप करताना काढायचे असेल, तर अभ्यासाचे कसे जमवावे?

तुम्ही लातूरच्या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात, जानेवारीपासून अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीत इंटर्नशिप ठरली आहे आणि आठव्या सत्राचे दोन विषय एनपीटेलवरून (आयआयटींसारख्या संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवरून) पूर्ण करायचे आहेत. हे दोन्ही एकत्र झेपेल का, आणि भाडे वाचवण्यासाठी डोंबिवलीकडे राहावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी नांदेडहून येऊन माझे शेवटचे सत्र याच पद्धतीने मुंबईत काढले आहे. माझ्या मते ते निश्चित झेपते. मात्र ते झेपणार की नाही, हे तुमच्या हुशारीपेक्षा तुम्ही खोली कुठे घेता यावर अधिक ठरते.

डोंबिवलीचा विचार सगळेच करतात आणि नकाशावर तो शहाणपणाचाही दिसतो. घाटकोपरला जलद गाड्या थांबतात आणि तिथून २०१४ साली सुरू झालेल्या वर्सोवा–घाटकोपर मेट्रोने साकीनाका, मरोळ नाका किंवा चकाला गाठता येते. प्रत्यक्षात सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहिल्यावर लक्षात येते की कल्याणहून येणारी जलद गाडी तिथे पोहोचतानाच भरलेली असते. त्यात आत शिरणे हे एक काम, आणि घाटकोपरला गर्दीतून वाट काढत वेळेवर उतरणे हे दुसरे. त्यानंतर मेट्रोच्या तपासणीची रांग. घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत दीड तास सहज जातो आणि संध्याकाळी तेवढाच परतीला. कार्यालयातले आठ-नऊ तास त्यात मिळवले, तर अभ्यासासाठी जे उरते ते जेवण आणि झोप यांच्यामधले झोपाळलेले अर्धा-पाऊण तास. दोन विषय एवढ्यावर निघत नाहीत.

म्हणून विद्यावेतनातला जास्तीत जास्त भाग भाड्यात गेला तरी चालेल, पण कार्यालयापासून चालत जाता येईल किंवा एकाच गाडीने पोहोचता येईल अशा ठिकाणी राहा, असे मी आग्रहाने सांगेन. मरोळ, साकीनाका, जोगेश्वरी पूर्व या भागांत तीन-चार जणांच्या खोलीत ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे फक्त एका खाटेचे भाडे देऊन, जागा मिळतात. विलेपार्ले पूर्व थोडे महाग पडते. परंतु तिथे पोळी-भाजी केंद्रे भरपूर असल्यामुळे रोजच्या जेवणाची चिंता मिटते, आणि मराठवाड्यातून आलेल्या माणसाला ज्वारीची भाकरी मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. दलालामार्फत फ्लॅट घेण्याच्या फंदात पाच-सहा महिन्यांसाठी पडू नये. एका महिन्याचे भाडे दलालीत जाते, करार बहुधा अकरा महिन्यांचा मागतात आणि अनामत रक्कमही मोठी असते. पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहिलात तर अनामत किती, मुदतीआधी सोडल्यास त्यातली किती कापणार आणि किती दिवस आधी सांगायचे, एवढे तरी कागदावर, निदान मोबाइलवरच्या संदेशात, लिहून घ्या. फ्लॅट भाड्याने दिला जातो तेव्हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे आवश्यक असते, व ती जबाबदारी घरमालकाची असते. पीजीत असे फारसे कोणी करत नाही, म्हणूनच हा संदेश कामाला येतो.

लोकलच्या पासाबाबत एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. विद्यार्थी सवलतीचा पास घर आणि महाविद्यालय यांच्या दरम्यान मिळतो. तुमचे महाविद्यालय लातूरला असल्यामुळे अंधेरीच्या कार्यालयासाठी तो मिळेल असे गृहीत धरून खर्चाचे गणित मांडू नका. साधा पासही तसा स्वस्तच असतो, आणि तीन महिन्यांचा काढला तर तीन वेळा मासिक काढण्यापेक्षा कमी पडतो.

आता अभ्यासाविषयी. एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या विषयाची रचना नीट समजून घेतली तर निम्मे ओझे उतरते. एकूण गुणांपैकी २५ टक्के साप्ताहिक स्वाध्यायांना आणि ७५ टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला असतात; बारा स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम आठ धरले जातात. याचा सरळ अर्थ असा की कंपनीत एखादे काम पूर्ण करून देण्याच्या धांदलीचे चार आठवडे वाया गेले, तरी स्वाध्यायांचे गुण शाबूत राहू शकतात. मात्र हे चार आठवडे सुरुवातीलाच उधळू नयेत, कारण कंपनीतल्या कामाचा खरा ताण मार्चनंतर येतो. आधीचे दोन महिने तुम्हाला त्यांची जुनी संहिता (कोड) वाचायला आणि बारीकसारीक दोष दुरुस्त करायलाच बसवलेले असते. स्वाध्याय देण्याची मुदत बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी रात्री संपते, म्हणून तो आदल्या शनिवार-रविवारीच उरकावा.

प्रवासात अभ्यास करू, असे येणारा प्रत्येक जण ठरवतो. महिलांच्या डब्यात चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला, अर्धवट टेकून, एका हाताने बॅग सावरत, ‘कुठे उतरणार?’ या प्रश्नाला उत्तर देत आणि कानातल्या-क्लिपांच्या विक्रेतीला वाट करून देत मी व्याख्याने ऐकत असे. पुरुषांच्या डब्याची परिस्थिती याहून बरी नसते, असे सहकाऱ्यांकडून कळले. एकदा टेबलाशी बसून समजून घेतलेले व्याख्यान डाउनलोड करून दुसऱ्यांदा ऐकण्यासाठी हा वेळ चांगला आहे. नवा भाग समजून घेणे किंवा उदाहरण सोडवणे तिथे होत नाही.

तीन-चार जणांच्या खोलीतही ते होत नाही. कोणाची रात्रपाळी असते, कोणाचा फोन संपत नाही. त्यामुळे रविवारसाठी बाहेरची जागा शोधून ठेवावी. आसपास एखादी अभ्यासिका मिळाली तर उत्तम. दादर पूर्वेला १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. सभासदत्व व वेळा आधी चौकशी करून घ्याव्यात. डेव्हिड ससूनच्या मागच्या बागेत बसून दक्षिण मुंबईचा गोंगाट विसरता येतो, पण लॅपटॉप घेऊन बसायचे असेल तर आपल्याच वस्तीतली, साधी खुर्ची-टेबल आणि विजेचे बटण असलेली अभ्यासिका जास्त उपयोगी.

कागदपत्रांपैकी एकाच गोष्टीवर मी भर देईन. महाविद्यालयाला सत्राच्या शेवटी अहवाल आणि सादरीकरण हवे असते, तर कंपनीने पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या करारावर तुमची सही घेतलेली असते. अहवालात कोणती आकृती, कोणते आकडे आणि किती संहिता दाखवता येईल, हे कंपनीतल्या मार्गदर्शकांकडून फेब्रुवारीतच ई-मेलवर विचारून ठेवा. मेमध्ये विचारलेत तर परवानगी विधी विभागाच्या टेबलावर पडून राहते आणि इकडे परीक्षणाची तारीख येऊन ठेपते. तसेच ऑनलाइन विषयांचे श्रेयांक महाविद्यालय मान्य करणार आहे, याचे विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र निघण्याआधीच घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरून (एनपीटेलचे विषय याच मंचावर असतात) करू देण्याची मुभा दिली असली, तरी नेमका कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी चालेल, हे तुमचे महाविद्यालयच ठरवते.

राहिली परीक्षा. अर्ज भरतानाच परीक्षेचे शहर निवडावे लागते, आणि पुष्कळ जण सवयीने आपल्या गावाजवळचे केंद्र टाकतात. एप्रिलमध्ये तुम्ही मुंबईत असणार आहात, तेव्हा पहिली पसंती मुंबई, नंतर ठाणे किंवा नवी मुंबई अशी ठेवा; नाहीतर एका पेपरसाठी रात्रभर रेल्वेने लातूरला जाऊन परत यावे लागेल आणि त्यासाठी कंपनीची रजा जाईल. पेपर बहुधा शनिवार-रविवारी असतात. तुमचा रविवारी आला, तर आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकलसेवा काही तास बंद ठेवणे किंवा वळवणे) कोणत्या मार्गावर आहे ते पाहून घ्या; ब्लॉकच्या काळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, काही स्थानकांवर गाड्या थांबतच नाहीत, आणि हार्बर मार्गावर तर काही भागातली सेवा पूर्ण बंद असते. त्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर आधी निघा आणि प्रवेशपत्राची छापील प्रत व मूळ ओळखपत्र रात्रीच बॅगेत टाकून ठेवा.