द्राक्षांवरची पांढरी भुकटी म्हणजे फवारलेलं औषध असतं का?

तुम्ही विचारलंय की बाजारातून आणलेल्या द्राक्षांवर पांढरट भुकटी दिसते, ती औषधाची का. बहुतेक वेळा नाही. ते द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं.

आमची बाग उत्तर सोलापुरात आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे दर हंगामात हेच विचारतात. मी एक मणी हातात देतो आणि म्हणतो, अर्धा भाग अंगठ्यानं चोळा. चोळलेली बाजू काचेसारखी चकाकते, दुसरी धुरकटच राहते. आता दोन्हीकडे पाण्याचा थेंब सोडा. धुरकट बाजूवरून तो घरंगळून जातो, चोळलेल्या बाजूवर पसरतो.

सालीच्या सगळ्यात बाहेरच्या पेशी स्वतःवर एक पापुद्रा चढवतात, त्याला उपत्वचा म्हणतात. तिचा सांगाडा क्युटिनचा, म्हणजे मेदाम्लं एकमेकांत गुंफून झालेली जाळी. त्या जाळीत मेण मुरलेलं असतं आणि वर मेणाच्या सूक्ष्म पापड्या, कौलांसारख्या एकीवर एक. त्यांच्यावर उजेड विखुरतो म्हणून मणी पांढरट दिसतो. उपत्वचेची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी, पण आमच्याकडच्या ४० अंशांच्या उन्हात मण्यातलं पाणी हीच धरून ठेवते. पानांना रंध्रं, म्हणजे हवेसाठीची बारीक छिद्रं, उघडावीच लागतात आणि तिथून पाणी उडतं. मण्यावर ही छिद्रं नसल्यातच जमा. तोडलेल्या घडाचा देठ आधी तपकिरी पडतो आणि मणी टवटवीत राहतात, ते यामुळेच.

या मेणाची ताकद कळते बेदाणा करताना. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घालून घड दोन-चार मिनिटं बुडवतो. पापड्यांची मांडणी विसकटते, पाण्याला वाट मिळते आणि पंधरवड्यात माल सुकतो. पहिल्या वर्षी मी एक क्रेट न बुडवताच जाळीवर पसरला होता. बाकीचा बेदाणा झाडून झाला तरी ते मणी फुगलेलेच! वडील काय बोलले ते इथे लिहीत नाही.

औषधाचा डाग वेगळा दिसतो: ठिपके, ओघळ, मण्याच्या टोकाशी सुकलेला थेंब. मेण सगळीकडे सारखं असतं. पण मेण दिसलं म्हणजे औषध नाहीच, असंही समजू नका. मेणावर पाणी ठरत नाही, म्हणूनच तर आम्ही फवारणीत स्टिकर, म्हणजे औषध चिकटून राहावं म्हणूनचं द्रावण, घालतो. तेव्हा वाहत्या पाण्याखाली धुवा, मात्र खायच्या वेळी, लागतील तेवढीच.